पूल साडेसात मीटर की तीन? – शून्य कुठून धरायचा, हे आपण शिकवतो का?



गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. दहावीला गणितात काठावर पास झालेला पोरगा. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे दरवर्षी दिवाळीनंतर याची शाळा अर्धी. आता तो रायगड जिल्ह्यात एका खाडीत जेट्टीच्या कामावर आहे. मजूर आणि सामान इकडून तिकडे नेणाऱ्या छोट्या मोटरबोटीवर मदतनीस म्हणून. फोनवर म्हणाला, "सर, एक गणित अडलंय."

या मुलाच्या तोंडून हे वाक्य मी शाळेत असताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून खुर्ची ओढून बसलो.

गणित असं. त्यांच्या बोटीवर नवीन छत बसवलं. पाइपांचा सांगाडा, त्यावर पत्रा आणि वर दिव्याची काठी. पाण्यापासून काठीच्या टोकापर्यंत त्याने टेपने मोजलं, ३.६ मीटर. वाटेत एक जुना पूल. पुलाची उंची किती, हे त्याने दोघांना विचारलं. ठेकेदाराचा सुपरवायझर कागद बघून म्हणाला, "साडेसात मीटर. दोन बोटी एकावर एक ठेवल्या तरी जातील." तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, म्हणाला, "तीन मीटर. काठी मोडेल." पोरगा मला विचारत होता, "सर, दोघांतलं कोण खोटं बोलतंय?"

मी लगेच उत्तर दिलं. इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहिल्यावर लगेच उत्तर द्यायची सवयच लागते. म्हणालो, "कागदावर आहे ते खरं. तांडेल अंदाजाने सांगत असेल." नशीब, तो माझं ऐकून लगेच बोट घेऊन निघाला नाही. रात्री जेवताना माझ्याच लक्षात आलं की मी चुकलो. दोघंही खरं बोलत होते. एकाच पुलाच्या एकाच गर्डरची उंची दोघांनी दोन वेगळ्या शून्यांपासून सांगितली होती.

समुद्राचं पाणी एका जागी थांबत नाही. मुंबई बंदराचे आकडे घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात भरतीचं पाणी सरासरी ४.४२ मीटरपर्यंत चढतं आणि ओहोटीला ०.७६ मीटरपर्यंत उतरतं. अष्टमीच्या आसपास, ज्याला भांगाची भरती म्हणतात, तेव्हा चढतं ३.३० पर्यंत आणि उतरतं १.८६ पर्यंत. हे सगळे आकडे एका ठरवून दिलेल्या शून्यापासून मोजलेले असतात. हा शून्य मुद्दाम खूप खाली धरतात. पाणी ओसरून ओसरून जिथवर जातं, साधारण त्याच्या जवळपास.

सुपरवायझरच्या कागदावरची साडेसात (नीट पाहिल्यावर ७.४२ निघाली) ही त्या खालच्या शून्यापासूनची उंची. तांडेलाची तीन मीटर ही उधाणाचं पाणी चढल्यावर गर्डरखाली उरणारी जागा. ७.४२ वजा ४.४२, बरोबर ३. (खाडीतले खरे आकडे थोडे वेगळे होते. वर्गात मांडायला सोपं जावं म्हणून मी मुंबईचे आकडे धरून ते सरळ केले आहेत. खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोहोचते आणि पाण्याची चढ-उतारही बदलते, हे मुलांना सांगायला विसरू नका.)

म्हणजे "बोट जाईल का?" हा प्रश्नच अर्धा होता. पूर्ण प्रश्न, "बोट कधी जाईल?"

दुसऱ्या दिवशी मी हे गणित नववीच्या वर्गात मांडलं. आपला बीड जिल्हा. समुद्र वर्गातल्या तिघांनी पाहिलेला, तोही अलिबागच्या सहलीत. सुरुवात समुद्रापासून केली असती तर पोरं पहिल्या पाच मिनिटांत सुटली असती. म्हणून मी विहिरीपासून सुरुवात केली.

विचारलं, "तुमच्या विहिरीला पाणी किती?"

एक जण म्हणाला, "पन्नास फुटावर." दुसरी म्हणाली, "आमच्या विहिरीत दहा फूट." मी विचारलं, मग पाणी कुणाच्या विहिरीला जास्त? वर्ग क्षणभर गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तो वरून सांगतोय, ती खालून सांगतेय."

झालं! माझा अर्धा तास वाचला. विहिरीचं पाणी "इतक्या फुटावर" म्हटलं की मोजणी काठापासून खाली. "इतकं फूट आहे" म्हटलं की मोजणी तळापासून वर. हे बोलणं आपल्याकडे घराघरांत रोज चालतं आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. उन्हाळ्यात पाणी "खाली गेलं" म्हणजे पहिला आकडा वाढतो आणि दुसरा कमी होतो, हे चौथीच्या पोरालाही कळतं. दोन शून्यं एकाच वेळी डोक्यात ठेवण्याचं कौशल्य या मुलांकडे आहेच. आपण ते गणिताच्या तासाला वर्गाबाहेर चपलांजवळ ठेवायला लावतो.

मग विहिरीवरून खाडीवर आलो. काठाच्या जागी पूल, दोराच्या जागी बोटीची काठी. मुलांना सांगितलं की समुद्राच्या नकाशावर हेच दोन शून्य मुद्दाम वापरतात. पाण्याची खोली खालच्या शून्यापासून लिहितात आणि पुलाखालची मोकळी उंची उधाणाच्या भरतीच्या पातळीपासून, किंवा त्याहूनही वरच्या पातळीपासून. का? एका मुलीने बरोबर उत्तर दिलं. म्हणाली, "खोली लिहायची तर पाणी सगळ्यात कमी असतानाची लिहायची, म्हणजे बोट टेकणार नाही. उंची लिहायची तर पाणी सगळ्यात जास्त असतानाची, म्हणजे डोकं आपटणार नाही." तिचं नाव इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी तिला मी माझ्या खुर्चीवर बसवलं.

आता गणित. बोटीची उंची ३.६ मीटर. लाटेने बोट वरखाली होते, शिवाय मोजण्यात चूक असू शकते, म्हणून अर्धा मीटर राखून ठेवायचा. एकूण लागणार ४.१ मीटर. गर्डर ७.४२ वर. म्हणजे पाण्याची पातळी ७.४२ वजा ४.१, अर्थात ३.३२ मीटर किंवा त्याखाली असेल तेव्हाच बोट पुलाखालून काढायची.

हा एक आकडा मिळाला की पुढची वाट मोकळी. भांगाची भरती सरासरी ३.३० पर्यंतच चढते. म्हणजे अष्टमीच्या सुमाराला बोट दिवसभर जाऊ शकते. फळ्यावर हे उतरताच एकाने हरकत घेतली, "सर, फक्त दोन सेंटीमीटरचा फरक!" त्याला म्हटलं, राखीव अर्धा मीटर वेगळा आहे, तरीही तुझी हरकत रास्त. ३.३० ही सरासरी आहे आणि सगळ्याच अष्टम्या सरासरीसारख्या वागत नाहीत. त्या दिवसाचा आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावाच लागतो. सरासरीचा खरा अर्थ मला त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

उधाणाच्या दिवशी पाणी ४.४२ पर्यंत चढतं. ते ३.३२ पर्यंत यायला १.१० मीटर उतरलं पाहिजे. किती वेळ लागेल? वर्गातून उत्तर आलं, त्रैराशिक. सहा तासांत ३.६६ मीटर उतरतं, तर १.१० मीटर उतरायला? सुमारे १ तास ४८ मिनिटं. हे उत्तर चूक आहे, आणि चूकही धोक्याच्या बाजूची आहे. पाणी एका वेगाने उतरत नाही. भरती पूर्ण झाल्यावर ते जरा थांबल्यासारखं असतं, मग हळू सरकू लागतं, मधल्या दोन तासांत जोरात धावतं आणि शेवटी पुन्हा मंद होतं. झोक्यासारखंच, टोकाला मंद आणि मध्ये जोरात.

यासाठी खलाशांचा एक जुना आडाखा आहे. पूर्ण चढ-उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आपला एक भाग ३.६६ भागिले १२, म्हणजे ०.३०५ मीटर. दोन तासांत तीन भाग उतरले, ०.९१५ मीटर. अजून ०.१८५ मीटर उतरायचं राहिलं. तिसऱ्या तासाचा वेग ताशी ०.९१५ मीटर, म्हणजे आणखी १२ मिनिटं. एकूण २ तास १२ मिनिटं. आपण सव्वादोन तास धरू. त्रैराशिकावर भरवसा ठेवणारा पंचवीस मिनिटं लवकर निघाला असता. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी हेच कोसाइन वापरून सोडवून बघावं, उत्तर २ तास १३ मिनिटांच्या आसपास येतं. अपूर्णांकांची बेरीज येणाऱ्या सहावीच्या पोराला जे जमतं, ते आणि बारावीचं गणित एकाच मिनिटावर येऊन थांबतात. मला हे फार आवडलं. कुणाला आवडणार नाही?

भरती केव्हा पूर्ण होते, हे कुठून कळणार? इथे भिंतीवरची दिनदर्शिका कामाला आली. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो, तिथीची पाऊणपट. त्या दिवशीची तिथी गुणिले पाऊण, जो आकडा येईल साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. चतुर्थीला तीन वाजता. असं का होतं, तर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण पाऊणकी शिकवायला याहून चांगलं निमित्त मला अजून मिळालेलं नाही. पोरांनी आपापल्या वाढदिवसाला भरती किती वाजता होती, ते काढलं!

उधाणासाठी आम्ही प्रतिपदा घेतली, कारण सगळ्यात मोठी भरती बहुधा पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येते. एक गुणिले पाऊण, पाऊण वाजता दुपारी भरती. त्यात सव्वादोन तास मिळवले, तीन वाजले. म्हणजे तीननंतर बोट पुलाखालून जाईल.

पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मी म्हटलं, थांबा. पुलाजवळ गाळ आहे. खाडीचा तळ तिथे खालच्या शून्यापासून अर्धा मीटर वर आलाय. बोटीचा बूड पाण्यात ७० सेंटीमीटर बुडतो आणि खाली ३० सेंटीमीटर राखायचे. म्हणजे पाण्याची पातळी किमान १.५० मीटर हवी. उधाणाच्या ओहोटीला पाणी ०.७६ पर्यंत उतरतं. याचा अर्थ संध्याकाळी बोट गर्डरला आपटणार नाही, पण गाळात रुतेल.

पुन्हा बारा भाग, या वेळी ओहोटीकडून उलटे. ओहोटी पाऊण अधिक सहा, म्हणजे पावणेसातला. १.५० आणि ०.७६ मधला फरक ०.७४ मीटर. ओहोटीच्या आधीच्या शेवटच्या तासात ०.३०५ मीटर उतरतं, त्याआधीच्या तासात ०.६१. हिशेब केला तर सुमारे पावणेदोन तास. पावणेसातातून पावणेदोन वजा, पाच वाजले.

उत्तर, दुपारी तीन ते पाच. (वर्गातल्या हिशेबाला आम्ही भरतीपासून ओहोटीपर्यंत सरळ सहा तास धरले. प्रत्यक्षात ते थोडे जास्त असतात.) रात्री पाणी चढताना पुन्हा अशीच एक संधी येते, पण अंधारात, पुलाखालून, नवीन काठी लावलेली बोट कोण नेणार?

एका मुलाने वहीत उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि मग विचारलं, "सर, उत्तर वेळ कसं असेल? एकक मीटर पाहिजे ना?" मला हसू आलं, वाईटही वाटलं. दिलं मीटरमध्ये, म्हणून उत्तर मीटरमध्ये. ही सवय त्याला मीच लावलेली.

मग शंका सुरू झाल्या, आणि खरा तास तिथून सुरू झाला. "सर, बोटीत माणसं जास्त असली तर बोट खाली जाईल ना? मग काठी खाली येईल." बरोबर. म्हणजे रिकामी बोट जास्त उंच! जाताना सामान भरलेलं असताना गेली आणि येताना रिकामी आली, तर त्याच पुलाखाली अडकू शकते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि रिकामी ट्रॉली पाहत वाढलेल्या पोराच्या डोक्यात आलं. दुसरी शंका, पावसाळ्यात वरून नदीचं पाणी आलं तर? तर तक्त्यातला आकडा कमी पडेल, कारण तक्ता चंद्र-सूर्याचा हिशेब करतो, पावसाचा नाही. वारा समुद्राकडून जोरात असेल तरी पाणी चढतं. तिसरी शंका अगदी साधी, "काठी खाली करता येत नाही का?" येते की. बिजागरी लावली तर सगळं गणितच बदलतं. शंभरपैकी शंभर गुण या शंकेला द्यावेत, पण आपल्या उत्तरपत्रिकेत तिला जागा नाही.

आता माझं म्हणणं मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

आपण उंची शिकवतो, पण "कुठून" हे शिकवत नाही. दहावीच्या त्रिकोणमितीत दीपस्तंभावरून जहाज बघण्याचं उदाहरण असतं. दीपस्तंभाची उंची दिलेली, कोन ६०°, अंतर काढा. मी ते कितीतरी वेळा सोडवून दिलंय. एकदाही विचारलं नाही की ही उंची पायथ्यापासून की पाण्यापासून, आणि पाण्यापासून असेल तर भरतीच्या की ओहोटीच्या? उधाणाच्या दिवशी ३.६६ मीटरचा फरक पडला तर ६०° च्या कोनाला जहाजाचं अंतर दोन मीटरहून अधिक बदलतं. उत्तराला यामुळे काही बाधा येत नाही, मान्य. पण प्रश्न विचारण्याची सवय लागत नाही, तिला बाधा येते. तिकडे सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा अख्खा पाठ आहे. उधाण, भांग, चंद्र, सूर्य, सगळं आहे. भूगोलाचे सर आणि गणिताचे सर एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात, पण ते दोन पाठ एकमेकांना कधी भेटत नाहीत.

या तासाबद्दल एका पालकाने मला विचारलं, "सर, बीडच्या पोरांना बोट कशाला? इथे प्यायला पाणी नाही." एक सहकारीही म्हणाले, स्थानिक संदर्भ घ्यायचा असतो, ऊस घ्या, कापूस घ्या. मला दोघांचं म्हणणं कळतं. पण स्थानिक संदर्भ ही सुरुवात आहे, कुंपण नव्हे. विहिरीपासून निघायचं ते खाडीपर्यंत पोचायला. नाहीतर ऊसतोड मजुराच्या पोराला शाळेतही उसाचीच गणितं आणि शहरातल्या पोराला रॉकेटची, असा तो न्याय होईल. आणि आपली पोरं बीडमध्ये राहतात कुठे? ती पुण्याला, मुंबईला, रायगडला कामाला जातात. ज्या पोराचा फोन आला, त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुझा स्थानिक संदर्भ कोणता.

शिवाय समुद्र आपल्यापासून तितका लांब नाही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कुठल्या समुद्राची सपाटी? समुद्र तर सपाट थांबतच नाही. तर भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घेऊन सरासरी काढलेली ती पातळी आहे. १८५८ ते १९०९ या काळात देशभर उंचीची जी मोजणी झाली, ती मुंबई, कारवार, मद्रास, कराची अशा नऊ बंदरांवरच्या सरासरी समुद्रपातळीला जोडली होती. म्हणजे मुंबईच्या बंदरात मोजलेलं पाणी आपल्या स्टेशनच्या पाटीवर येऊन बसलंय. मुंबई बंदराच्या त्या खालच्या शून्यापासून सरासरी समुद्रपातळी २.५१ मीटर वर आहे. तेव्हा आपल्या गोष्टीतल्या पुलाचा गर्डर समुद्रसपाटीपासून सुमारे ४.९१ मीटर. घ्या, साडेसात आणि तीनच्या जोडीला हा तिसरा खरा आकडा!

हे सगळं दूरचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते, जायकवाडीची पातळी इतके फूट, पूर्ण भरायला १५२२ फूट. याच धरणाचा उजवा कालवा आपल्या जिल्ह्यातून माजलगावच्या धरणापर्यंत पाणी आणतो, म्हणून ती बातमी घरोघरी वाचली जाते. मी वर्गात विचारलं, नाथसागर किती खोल आहे? सात-आठ हात वर, "पंधराशे बावीस फूट!" धरणाची भिंतच सुमारे ४१ मीटर उंच, म्हणजे १३५ फुटांच्या आसपास. १५२२ फूट हे समुद्रसपाटीपासून. मोठी माणसंही हीच चूक करतात, मी पारावर ऐकलंय. पाण्यावरून गावोगाव वाद होणाऱ्या मराठवाड्यात पाण्याच्या आकड्याचा शून्य कुठे आहे हे लोकांना ठाऊक नसणं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

आणि पूल आपल्याकडेही आहेत. फक्त आपला प्रश्न उलटा. तिकडे बोट पुलाखालून जाईल का, इकडे पाणी पुलावरून जाईल का. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेने बीड शहरात काय केलं, ते जुन्या माणसांना विचारा. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदाकाठच्या गावांनी जे पाहिलं, ते तर पोरांनीच पाहिलंय. "पुलावर फक्त गुडघाभर पाणी आहे" असं म्हणून मोटरसायकल घालणारे लोक दरवर्षी दिसतात. गुडघाभर, पण कुठून? स्लॅबपासून. स्लॅबच्या कडेला खाली किती, आणि स्लॅब मधून खचला असेल तर? पाणी चढतंय की उतरतंय, आणि किती वेगाने? बोटीच्या गणितात राखून ठेवलेला अर्धा मीटर इथे कुणीच राखत नाही.

अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, मला माहीत आहे. माझे या एका गणितात तीन तास गेले आणि एक प्रकरण मागे पडलं. पुढच्या आठवड्यात ते घाईत उरकलं, त्याचा परिणाम चाचणीत दिसलाही. हे लपवत नाही. पण त्या तीन तासांत ऋण संख्या, अपूर्णांक, सरासरी, आलेख, एकक हे सगळं येऊन गेलं, तेही कुणी "हे परीक्षेला येतं का?" न विचारता.

त्या मुलाला मी दोन दिवसांनी फोन केला. आधी चूक कबूल केली. मग सगळा हिशेब सांगितला आणि बजावलं, की हा फोनवरचा हिशेब आहे. तांडेल नको म्हणाला तर नको, आणि पहिल्यांदा जाताना अगदी हळू, पाणी उतरत असतानाच जायचं. अडकलीच बोट, तर उतरतं पाणी तिला मोकळी करेल, चढतं पाणी गर्डरखाली दाबून धरेल. तो म्हणाला, "हे तांडेल पण बोलला, सर. तो म्हणतो सुकतीला जायचं." ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. त्यांनी पुलाच्या खांबावर रंगाने खुणा केल्यात, पाणी अमुक खुणेच्या खाली गेलं की निघायचं. घड्याळ बघायची गरजच नाही. माझ्या तीन तासांच्या गणितापेक्षा ती रंगाची रेघ भारी, हे मी वर्गात येऊन सांगितलं.

त्यावरून आता एक नवीन काम निघालंय. आमच्या गावच्या ओढ्यावरच्या पुलाच्या खांबावर, ग्रामपंचायतीला विचारून, मुलं मोजपट्टी रंगवणार आहेत. फूट की मीटर, हे ठरलं. रंग पिवळा की लाल, तेही ठरलं. शून्य कुठे लिहायचा, यावर अडलंय. एक गट म्हणतो ओढ्याच्या तळाशी, पण तळ दर पुरात बदलतो. दुसरा गट म्हणतो स्लॅबच्या वरच्या कडेला शून्य आणि तिथून खाली ऋण आकडे, म्हणजे लांबून बघणाऱ्याला एका नजरेत कळेल की पूल बुडायला किती उरलंय. पण म्हाताऱ्या माणसांना ऋण आकडे कसे वाचता येणार, असं पहिल्या गटाचं म्हणणं. काल मधल्या सुट्टीत यावरून आवाज इतके चढले की मुख्याध्यापक बाहेर आले. शनिवारी पुन्हा बसायचं ठरलंय.